हसती हजेरी

आधीच सांगून टाकतो, मला लिहिता येत नाही. अक्षर चांगलं आहे, एवढंच. अक्षर चांगलं असणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील लातूरच्या आडतीत हमाली करतात. पोरगा नांदेडला काय करतो असं कुणी विचारलं तर ते म्हणतात, लिहीत असतो. मला ते ऐकून ओशाळल्यासारखं होतं, कारण मी फळ्यावरचं वहीत उतरवून घेत असतो, बाकी काही नाही. तरी आज हे लिहायला बसलोय. कुठं चुकलं, कुठं जास्त झालं, तर वाचणाऱ्यांनी पोरकटपणा समजून सोडून द्यावं.

शाळेचा दाखला पाहिजे होता म्हणून आषाढात मी लातूरला गेलो होतो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला तो लागतो. आमची सैनिकी शाळा रेणापूरच्या रस्त्याला, गावाबाहेर. मी शिकत होतो तेव्हा फाटकापासून पुढं नुसती करडईची रानं होती. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासेसच्या पाट्या आहेत आणि पाट्यांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो आहेत. ऑटोत माझ्याशेजारी दोन मुली मांडीवर जाडजूड वह्या घेऊन डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. देवाचं नाव असावं असं मला वाटलं. नीट ऐकलं तर ती वनस्पतींची नावं होती.

कारकुनानं दाखला करायला तासभर लागेल म्हणून सांगितलं. मग मी आमच्या बरॅककडं गेलो. पोरं कवायतीला गेलेली होती. आत कुणीच नव्हतं. वास मात्र तसाच होता. पितळेच्या बकलांना लावायच्या पॉलिशचा, बुटांना फासायच्या पांढऱ्याचा, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी खोबरेल तेलाचा. माझ्या खाटेच्या वरच्या कोनाड्यात हात घातला. तिथं सिमेंटवर माझ्या तेलाच्या बाटलीचा गोल डाग होता, काळपट, जरासा चिकट. तीन वर्षांत कुणी पुसला नव्हता. मी त्या डागावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिलो.

आमच्या शाळेत बारावीच्या मुलांना निरोप द्यायची एक रीत होती. ती कुणी सुरू केली ते माहीत नाही. शेवटच्या संध्याकाळी झेंड्याच्या खांबाभोवती सगळी शाळा बसायची आणि जाणारी पोरं पूर्ण गणवेशात, सावधान करून उभी राहायची. त्यांच्यातलाच एकजण प्रत्येकाविषयी चार ओळी लिहून आणायचा आणि मोठ्यानं वाचायचा. ज्याच्याविषयी वाचलं जातंय त्यानं हसायचं नाही. दात दिसले की मैदानाला एक फेरी. या प्रकाराला हसती हजेरी म्हणत. अक्षर चांगलं म्हणून आमच्या वर्षी ते काम माझ्याकडं आलं. पोरं मला तेव्हापासूनच नाही, सहावीपासूनच कारकून म्हणत.

एकेक चेहरा आठवतो आणि मी एकटाच हसतो. नायगाव तालुक्यातला गंगाधर होता. अंगानं पहिलवान, मनानं गाय. त्याला उजवं-डावं कधीच कळलं नाही. कवायतीचे उस्ताद ‘दाहिने मुड’ म्हणाले की सगळी रांग उजवीकडं जायची आणि गंगाधर डावीकडं, इतक्या आत्मविश्वासानं, की शेजारच्यांना वाटायचं आपलंच चुकलं. शेवटी त्याच्या आईनं एका भेटीच्या रविवारी त्याच्या उजव्या मनगटाला लाल धागा बांधला. त्यानंतर तो हुकूम आला की आधी दोन्ही हातांकडं बघायचा, मग वळायचा. तोवर रांग पुढं गेलेली असायची.

नांदेडचा फेरोज होता. त्याचे वडील गोदावरीकडच्या बाजारात शिलाईचं काम करायचे, त्यामुळं कापडाची अदब त्याच्या रक्तातच होती. वीज गेली की तो मेसमधून पितळी तांब्यात निखारे आणायचा आणि त्या तांब्यानं आपली पँट इस्त्री करायचा. पँटला जी धार यायची ती बघत राहावी अशी. आमच्या गणवेशाकडं बघून तो फार हळहळायचा. “अबे कारकून,” म्हणायचा, “कपड्याची नाही तर नाही, कापसाची तरी इज्जत ठेव.”

आणि शिवलिंग.

शिवलिंगची खाट माझ्या शेजारी होती. तेरणेच्या काठावरच्या एका गावाहून तो सहावीत आमच्यात आला, भूकंपानंतर. गणपती बोळवून माणसं झोपली आणि पहाटेला गाव राहिलं नाही, अशी ती गावं. त्याच्या घरातलं कोण उरलं हे त्यानं कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. भेटीच्या रविवारी मामा यायचा, धपाटे आणि चटणीचा डबा घेऊन. कपाळाला विभूती लावलेला, हळू बोलणारा माणूस. दोघं कडुलिंबाखाली बसायचे, आणि मामा एकच गोष्ट दरवेळी सांगायचा. बारावी झाली की लातूरला क्लास लावू, डॉक्टर हो. शिवलिंग मान हलवायचा. त्याला फौजेत जायचं होतं, हे मामाला सोडून सगळ्या शाळेला माहीत होतं. पहाटे बिगूल वाजायच्या आधी तो उठलेला असायचा. मैदानाच्या कडेच्या दगडावर बसून उस्तादांचे बूट पुसायचा, न सांगता.

आमच्याकडं भूकंपानंतर घरोघरी लोकांनी एक केलं होतं. परातीत पेला उपडा ठेवायचा, त्याच्यावर दुसरा पेला, त्याच्यावर तांब्या नाहीतर चमचा. जमीन जरा जरी हलली तर उतरंड पडणार, आवाज होणार, माणसं बाहेर पळणार. माझ्या आईनंही दोन वर्षं ती मांडली होती. हळूहळू सगळ्यांनी भांडी उचलून फळीवर ठेवली. शिवलिंगनं नाही उचलली. आमच्या दोन खाटांच्या मधे, त्याच्या पत्र्याच्या पेटीवर एक ताटली, दोन पेले आणि वर चमचा, असं सहा वर्षं उभं होतं. झाडलोट करणारं पोरगंसुद्धा त्याला वळसा घालून झाडायचं. आम्ही त्याची चेष्टा करायचो, पण खरं सांगायचं तर त्या पेल्यांच्या भरवशावर आम्ही सगळेच गाढ झोपायचो.

तो हसत मात्र नसे. म्हणजे तोंड पाडून नसायचा, चेष्टा कळायची त्याला, कधी कधी स्वतःच अशी एखादी बोलायचा की आम्ही लोळायचो. गंगाधरला एकदा म्हणाला, “तू घड्याळ बांध, म्हंजी कमीत कमी वेळ तरी बरोबर चुकंल.” पण बोलताना त्याचा चेहरा तसाच राहायचा. त्याला हसवायचं, असा आमचा सहा वर्षांचा बेत होता. फेरोजनं त्याच्यासमोर मुख्याध्यापकांची चाल करून दाखवली, गंगाधर चक्क उलटा कवायत करत मेसपर्यंत गेला. काही उपयोग झाला नाही.

बारावीच्या हिवाळ्यातल्या एका भेटीच्या रविवारची गोष्ट. पोरं डोक्यावरून अंघोळी करून, टॉवेल गुंडाळून दुपारची आडवी झाली होती. उन्हाचे पट्टे खिडक्यांतून फरशीवर आले होते. भेटीची घंटा व्हायची होती, म्हणून बाहेर झाडांखाली आयाबाया डबे सोडून वाट बघत बसल्या होत्या, त्यांचं बोलणं पारव्यांच्या घुमण्यासारखं येत होतं. मला झोप नव्हती. आईनं टॉनिकच्या जुन्या बाटलीत भरून दिलेलं तेल डोक्याला लावावं म्हणून मी कोनाड्यात हात घातला, बाटली काढली, आणि काढताना माझं कोपर वरच्या पेल्याला लागलं.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. आधी चमचा. मग एक पेला. मग दुसरा पेला फरशीवर लांबपर्यंत गोल गोल जात राहिला.

शिवलिंग डोळे उघडायच्या आधी उभा होता. “बाहेर!” एवढंच ओरडला. दारात उभं राहून त्यानं सगळ्यांना बाहेर ढकललं, आजारी म्हणून निजलेल्या सातवीतल्या एका मुलाला खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांत शेवटी बाहेर आला. चाळीस पोरं टॉवेलवर, काही तर टॉवेलही हातात धरून, चाळीस जणांच्या आयांसमोर मैदानात उभी. गंगाधर पळत सुटला तो डावीकडं, थेट मुलींना घेऊन आलेल्या एका कुटुंबाच्या सतरंजीवर. मी बाटली कोनाड्यात ठेवली आणि सगळ्यांबरोबर पळालो. पळताना ओरडलोसुद्धा.

जमीन हलली नव्हती. झाडाखालच्या कुणाच्याही वाटीतली आमटी हिंदकळली नव्हती. एक बाई पदर तोंडाला लावून हसली, आणि सगळं मैदान हसायला लागलं. पोरंही हसली. मीही हसलो.

उस्ताद आले. निवृत्त हवालदार, मोठ्या मिशांचा आणि आतून मऊ माणूस. त्यांनी बरॅकमध्ये जाऊन पेले बघितले, खाट बघितली, आणि शिवलिंगच्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमानं म्हणाले, “जमीन हलली न्हाई, बेटा. झोपेत तुझा हात हलला.”

त्याचा मामा तिथंच डबा घेऊन उभा होता.

तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं. चार शब्द होते. उस्ताद, माझं कोपर लागलं. का बोललो नाही, याचं कारण मी पुष्कळ वेळा शोधलं. आईबापांसमोर टॉवेलवर उभ्या चाळीस पोरांनी मला काय केलं असतं, ही भीती होती. पण दुसऱ्या दिवशी ती भीती गेली होती, तरी मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तर बोलणं आणखी अवघड झालं होतं.

शिवलिंगनं पेले धुऊन मेसमध्ये नेऊन दिले. त्याच्या पेटीवर ती जागा मोकळी दिसायला लागली. आणि मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की तो झोपताना उजवा हात बुटाच्या काळ्या लेसनं खाटेच्या लोखंडी दांडीला बांधतो. पोरांना दिसल्यावर त्यांना वाटलं, गंगाधरच्या धाग्यासारखंच काही असेल. एक उजव्या हाताचा धागा, एक उजव्या हाताची लेस, म्हणून दोघांना जुळे भाऊ म्हणायला लागले. शिवलिंगनं त्यावरही चेहरा हलू दिला नाही.

फौजेच्या परीक्षेचे फॉर्म उस्तादांनी स्वतः आणून वाटले होते. शिवलिंगनं आपला पहिल्याच दिवशी भरला होता. पाठवायची तारीख निघून गेल्यावर एकदा तो पेटी आवरत होता, तर खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली तो फॉर्म मला दिसला. फोटो डकवलेला, सही केलेली. मी विचारलं, हा राहिला का? तो पेटीतले कपडे घडी करत राहिला. मग म्हणाला, “झोपेत हात हलवणारं पोरगं बंदूक कशी धरंल, कारकुना? शेजारी माणसं निजलेली असत्यात.” आणि जरा थांबून, “मला तर वाटलं व्हतं मी घाबरत न्हाई.”

मी म्हणालो, तसं काही नसतं. एवढंच म्हणालो.

हसत्या हजेरीसाठी मी त्याच्याविषयी दोन कागद लिहिले. एका कागदावर गंमत होती. दुसऱ्यावर त्या रविवारचं खरं होतं, कोपरासकट. दोन्ही माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात. एक डाव्या खिशात ठेवला, एक उजव्या. संध्याकाळी खांबाभोवती शाळा बसली. करडईच्या रानावरून कोरडा वास येत होता. बिगूल वाजवणाऱ्या पोराला त्या दिवशी सूर लागत नव्हता आणि कुणाला त्याची पर्वा नव्हती.

मी वाचायला लागलो. गंगाधरविषयी वाचलं: सगळी फौज उजवीकडं गेल्यावर हा एकटा डावीकडं जाईल आणि शत्रू नेमका तिथंच असेल, तेव्हा देशानं काळजी करू नये. गंगाधर फुटला, फेरीला निघाला, आणि मैदानाला उलट्या बाजूनं सुटला. फेरोजविषयी वाचलं: याच्या पँटच्या घडीनं मेसमध्ये टरबूज कापलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानं ओठ घट्ट धरले होते, पण दात दिसलेच, आणि घडीवर माती लागू नये म्हणून पाय उचलून उचलून फेरी मारताना तोच खदखदत होता. माझ्याविषयी फेरोजनं लिहून ठेवलं होतं: कारकुनाला कवायत येत नाही, पण येत नाही हे फार सुंदर अक्षरात लिहिता येतं. माझीही एक फेरी झाली. धापा टाकत परत आलो आणि शिवलिंगसमोर उभा राहिलो.

माझा हात गमतीच्या खिशात गेला.

मी वाचलं: शिवलिंग, लातूर जिल्ह्याची वेधशाळा. याच्या पेल्यांमुळं आम्हा सगळ्यांना सगळ्यांच्या आयांनी टॉवेलवर बघितलं आहे, आता आमची लग्नं जमणार नाहीत.

सगळी शाळा हसली. उस्ताद मिशीत हसले. रांगेतल्या तिघांना उगाचच फेऱ्या पडल्या. शिवलिंग सावधान उभा होता, नजर समोर, हाताच्या मुठी पँटच्या शिवणीला. वाचून झाल्यावर त्यानं मला कडक सलाम केला. सहा वर्षांच्या हजेऱ्यांत फेरी न पडलेला तो एकटाच, असं उस्तादांनी जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मामा त्याची पेटी घेऊन लातूरला गेला. क्लास, भाड्याची खोली, सगळं ठरलेलं होतं. मी नांदेडला आलो. पुढं काही कळलं नाही. फेरोज बाजारात कधी भेटतो. आता तो वडिलांच्या दुकानात कोटांची मापं घेतो, आणि गिऱ्हाइकाला सावधान उभं करतो.

तर त्या आषाढात, तेलाच्या डागावरचं बोट काढून मी ऑफिसात गेलो. दाखला तयार होता. मी कारकुनाला दाखल्यांचं रजिस्टर बघू देता का म्हणून विचारलं आणि शिवलिंगचा पत्ता उतरवून घेतला. नांदेडला खोलीवर येऊन पत्र लिहिलं. खराब अक्षरात लिहिलं, मुद्दाम नाही, तसं आलं. कोपर, बाटली, चमचा आधी पडला ते, मी ओरडत पळालो ते, दोन खिशांचं. शेवटी लिहिलं की तुझा हात हलला नव्हता. तुझा हात कधीच हलला नव्हता.

पत्र टपालपेटीत टाकल्यावर दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं. रजिस्टरातला पत्ता जुन्या गावाचा होता. त्या गावात कुणी राहत नाही. नवं गाव तीन-चार किलोमीटरवर वसवलंय, एकसारख्या घरांच्या रांगा, सरळ रस्ते. जुन्या गावात बाभळी वाढल्यात. मी आयुष्यातलं पहिलं खरं पत्र लिहिलं आणि ते बाभळींना पाठवलं.

श्रावण गेला. कॉलेजच्या पाठीमागच्या रुळांवरून मालगाड्या जात, माझ्या खोलीतला पेला फळीवर किणकिणायचा, आणि मी दरवेळी दचकायचो. गणपती बसले, गेले. पोस्टमनकडं मी आता बघतही नव्हतो. दसरा झाला. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईनं डोक्याला तेल लावलं, त्याच टॉनिकच्या बाटलीतलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. ती बोटं थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, “त्या लेकराला एवढी वर्षं हात बांधून निजवलंस व्हय रं.” आणि तेल नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळत राहिली.

दिवाळीनंतर खोलीवर परतलो तर दाराच्या फटीतून आत सरकवलेलं एक आंतरदेशीय पत्र पडलं होतं. अक्षर ओळखीचं. बाजूला लष्करी टपालाचा शिक्का.

शिवलिंगनं लिहिलं होतं की माझं पत्र आधी जुन्या गावाला गेलं, तिथून त्याच नावाच्या दुसऱ्या गावाला, तिथून नव्या गावाला. मामाकडं पोचलं तेव्हा मामा रुसलेला होता, म्हणून त्यानं महिनाभर देवाच्या फळीवर तसंच ठेवलं. मामा रुसला होता कारण भाचा डॉक्टर झाला नव्हता. दोन वर्षं क्लास करून एक दिवस तो कुणाला न सांगता भरतीला गेला. “पळायला सांगितलं, पळालो,” त्यानं लिहिलं होतं. “छाती मोजली, मोजू दिली. झोपून दाखव असं कुणी म्हणलं न्हाई. म्हणून घेतलं असंल.” तिकडंही तो रोज घोंगडीखाली हात खाटेला बांधत होता. पत्र हातात पडलं त्या दिवसापर्यंत.

पत्र सकाळी मिळालं. त्यानं ते खिशात घालून कवायतीच्या रांगेत उभ्याउभ्याच मनात पुन्हा वाचलं. आधी चमचा पडला, इथपर्यंत ठीक होता. मग त्याला टॉनिकची बाटली आठवली. मग चाळीस टॉवेल. मग सतरंजीवर गेलेला गंगाधर. आणि एवढा सगळा भूकंप एका कारकुनाच्या कोपरानं झाला, हे ध्यानात आलं आणि सावधानमध्ये, दोनशे जणांच्या रांगेत, तो हसला. मोठ्यानं. थांबेना.

“इथल्या उस्तादांनी पाच फेऱ्या दिल्या,” त्यानं शेवटी लिहिलं होतं. “मी सहा मारल्या. एक आपल्या हजेरीची राहिली होती.”